पंखा बंद करून

माझ्या पहिल्या गाण्याची पहिली श्रोता माझी रूममेट. तिने ते राजीखुशीने ऐकलं असं काही नाही. रात्री पावणेदोनला मी पंखा बंद केला आणि ती घामाघूम होऊन उठून बसली, "आता काय गं?" मी म्हटलं रेकॉर्डिंग चालू आहे, दोन मिनिटं फक्त. ती दोन मिनिटं तासभर चालली आणि शेवटी तिनेच सांगितलं की दुसऱ्या कडव्याआधी तुझा श्वास केवढ्याने ऐकू येतोय. अर्धवट झोपेतल्या माणसाला जे कळलं ते मला हेडफोन लावून बसूनही कळलं नव्हतं.

हे लिहायचं कारण म्हणजे हल्ली ज्युनियर्स विचारतात, ताई, म्युझिक इंडस्ट्रीत कसं शिरायचं? मला हसूच येतं, कारण मी शिरलेय असं मला तरी वाटत नाही. थर्ड इयरला आहे, दोन विषय राहिलेत, आणि माझं नाव ऐकून कोणी वळून बघत नाही. पण महिन्याला थोडे पैसे गाण्याच्या कामातून येतात, आणि गंमत म्हणजे ते गायल्याबद्दल येत नाहीत. हे मला फर्स्ट इयरला कोणी सांगितलं असतं तर दीड वर्ष तरी वाचलं असतं.

तर सामानापासून. मी आधी कंडेन्सर माइक घेतला कारण सगळे व्हिडिओवाले तेच घ्या म्हणतात. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरमधूनच जाणारी वीज, लागते, ती इंटरफेसमधून (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) मिळते, तिथपर्यंत सगळं ठीक. पण कोणी हे सांगत नाही की तो माइक गळ्याबरोबर आख्खी खोलीही रेकॉर्ड करतो. पंखा, लॅपटॉपचा फॅन, कॉरिडॉरमधल्या चपला, पलीकडच्या खोलीतलं भांडण, सगळं. मग एका सीनियरकडून जुना डायनॅमिक माइक उसना आणला, शुअरचा एसएम ५८. हे मॉडेल १९६६ पासून बनतंय आणि स्टेजवर जगभर आपटून आपटून वापरतात. त्यात आवाज थोडा बोदा येतो पण खोली फार कमी येते. माझं स्पष्ट मत आहे की हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याने सुरुवातीला कंडेन्सरच्या नादी लागू नये. प, फ, भ आले की माइकवर हवेचा भप्पकन धक्का बसतो, त्याच्यासाठी मी पॉप फिल्टर न घेता माइकच्या बरोबर मधोमध रबरबँडने एक पेन्सिल उभी बांधली. दिसायला भयंकर, पण चालतं.

अजून एक गोष्ट जिच्यात माझे तीन आठवडे गेले ती म्हणजे लेटन्सी. मी गायचे आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा यायचा, त्यामुळे मी आपोआप मागे मागे पडायचे आणि मला वाटायचं की माझी लयच कच्ची आहे. रडकुंडीला आले होते. नंतर कळलं की सॉफ्टवेअरमधलं बफर (लॅपटॉप आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे सोडतो ते) १०२४ वर होतं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या एका बफरचेच २३ मिलिसेकंद जातात, वर येण्याजाण्याचं वेगळं. ते १२८ केलं की जेमतेम ३ मिलिसेकंद. गाताना १२८, मिक्स करताना (सगळे आवाज एकत्र जुळवताना) परत १०२४, एवढंच होतं ते. लयीला उगाच शिव्या घातल्या.

गाणं रिलीज करणं त्या मानाने सोपं निघालं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या सगळ्या ॲप्सवर पोहोचवणारी कंपनी, तिच्या साइटवर वेव्ह फाइल (एमपीथ्रीसारखा न दाबलेला आवाज) टाकायची, चौकोनी आर्टवर्क टाकायचं, फॉर्म भरायचा, थोड्या दिवसांत गाणं सगळीकडे दिसतं. मी ते इतक्या घाईत केलं की रिलीजची तारीख परवाचीच टाकली. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटर्सना गाणं पाठवायचं असेल तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं हे गाणं बाहेर आल्यावर वाचलं, म्हणजे ती संधी गेली. ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते, आणि २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच सुरू होत नाहीत. माझ्या झाल्या ४१२. त्यातल्या निम्म्या मावशीच्या असाव्यात.

मग अर्थातच एक जण मेसेजमध्ये आला, "तुमचं गाणं आमच्या प्लेलिस्टमध्ये टाकतो, दहा हजार स्ट्रीम गॅरंटी." गॅरंटी हा शब्द ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं, पण ४१२ वर बसलेल्या माणसाला अक्कल कुठून सुचणार. महिन्याच्या खर्चाचे पैसे दिले. चार दिवसांत आकडा धावायला लागला आणि मी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवले, पण सेव्ह एकही नाही, फॉलोअर एकही वाढला नाही, आणि सगळे ऐकणारे एकाच शहरातले जिथे मी कोणालाही ओळखत नाही. बॉट होते, ऐकणारी माणसं नव्हेच, नुसते प्रोग्राम. असल्या खोट्या स्ट्रीम पकडल्या गेल्या तर प्लॅटफॉर्म डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर कोणाचं ऐकून घेत बसत नाहीत. माझं गाणं काढून टाकलं गेलं. स्टेटस डिलीट करायला मला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, लाज वाटत होती.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी मात्र जे झालं ते आख्खं सांगण्यासारखं आहे, कारण माझं जे काही सुरू झालं ते तिथून झालं आणि ते माझ्याच चुकीतून झालं.

चाल माझी, शब्द माझे, पण बीट, म्हणजे गळ्यामागचं तयार संगीत, मी ऑनलाइन लीजवर घेतलं होतं. लीज म्हणजे बीट तुमचं होत नाही, तुम्हाला फक्त त्याच्यावर गाणं करायची परवानगी मिळते आणि तेच बीट तो माणूस अजून कितीही जणांना देऊ शकतो. हे मला माहीत होतं. काय माहीत नव्हतं तर त्या चार पानी करारात तिसऱ्या पानावर लिहिलेलं एक वाक्य, की हे गाणं कंटेंट आयडीला नोंदवायचं नाही. आणि डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये एक चौकट होती, यूट्यूबवर तुमचं संगीत कोणी वापरलं तर पैसे मिळवा, अशा अर्थाची. मिळवा म्हटल्यावर कोण नको म्हणेल. मी टिक केलं.

कंटेंट आयडी काय करतो, तर तुमच्या गाण्याचा एक ठसा घेतो आणि यूट्यूबवर तसा आवाज सापडला की तिथे तुमच्या नावाने क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, लावतो. यंत्राला माझा गळा कुठला आणि भाड्याचं बीट कुठलं हे काय कळणार? त्याने ते बीट जिथे जिथे होतं तिथे तिथे क्लेम लावले. ज्यांनी माझ्यासारखंच ते लीजवर घेतलं होतं त्यांच्या गाण्यांवर, आणि सगळ्यात कहर म्हणजे ज्याने ते बीट बनवलं त्याच्या स्वतःच्या व्हिडिओवर. म्हणजे भाडेकरूने घरमालकालाच नोटीस पाठवली!

त्याचा मेल आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. दोनच ओळी. तुझ्या गाण्यामुळे माझ्याच बीटवर क्लेम आलाय, करार वाचलास का? मला वाटलं आता केस वगैरे होणार, हात गार पडले. बाहेर जाऊन जिन्यावर बसले, करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला (पहिल्यांदाच), डिस्ट्रिब्युटरला कंटेंट आयडीतून गाणं काढायची रिक्वेस्ट टाकली, क्लेम सोडायला सांगितले, आणि त्याला लिहिलं की चूक माझी आहे, वाचलं नव्हतं, हे हे केलंय, हा स्क्रीनशॉट, सगळं सुटलं की परत कळवते. चौथ्या दिवशी सुटलं, कळवलं. त्यावर तो म्हणाला की दर महिन्याला कोणी ना कोणी हे करतंच आणि बहुतेक जण उत्तरच देत नाहीत, काही तर उलट भांडतात. आणि मग सहज विचारलं, गाण्यातलं व्होकल एडिटिंग कोणी केलंय? मी म्हटलं मीच. श्वासांचं ते प्रकरण झाल्यापासून मी त्याच्या मागेच लागले होते ना.

पुढच्या आठवड्यात त्याने एका गायकाचा फोल्डर पाठवला. त्याचं बीट घेतलेला कोणीतरी, गळा छान, रेकॉर्डिंग घरातलं, १७ टेक (म्हणजे तेच गाणं १७ वेळा गायलेलं) आणि काहीच धड नाही. साफ करून देशील का, पैसे देतो. हे माझं पहिलं काम.

आता हे काम म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण घरी आईलाही अजून समजलेलं नाही, तिला वाटतं मी गाणी डाउनलोड करते. सगळे टेक एकाखाली एक लावायचे आणि ओळ ओळ ऐकायची, कधी शब्द शब्द. पहिली ओळ तिसऱ्या टेकमधली, दुसरी अकराव्यातली, पण तिचा शेवटचा शब्द चौथ्यातला, असं जोडत जोडत एक आख्खा टेक बनवायचा, याला कॉम्पिंग म्हणतात. जिथे जोड आहे तिथे बारीकसा क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक तुकडा मिटता मिटता दुसरा उमटतो, नाहीतर टक् असा आवाज येतो. स आणि श टोचतात ते हाताने खाली घ्यायचे. श्वास पूर्ण कापायचे नाहीत, ही माझी पहिली मोठी चूक होती, सगळे श्वास उडवले आणि गायक गाडलेल्या भुतासारखा वाटायला लागला. श्वास ठेवायचे, फक्त ७-८ डेसिबल खाली. सूर लावायचा तोही जपून, मींड आणि हरकत सपाट झाली की गाणं मेलं.

आणि मग फाइल पाठवणं. मला खरंच वाटतं की माझं निम्मं काम मला फाइल नीट पाठवते म्हणून मिळतं. सगळ्या फाइल्स गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या हव्यात, गायक पहिला शब्द एक मिनिटाने गात असला तरी, म्हणजे समोरच्याने प्रोजेक्टमध्ये टाकल्या की आपापल्या जागी बसतात. २४ बिट वेव्ह, एमपीथ्री नाही. इफेक्ट नसलेली ड्राय फाइल एक आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) वगैरेसकट एक. नावात लीड, डबल, हार्मनी असं लिहिलेलं, सोबत बीपीएम (मिनिटाला किती ठोके, म्हणजे गाण्याचा वेग) आणि पट्टी. शाळेत वहीला कव्हर घालायला लावायचे त्या लेव्हलच्या गोष्टी आहेत या, पण रात्री अकराला मिक्स करायला बसलेल्या माणसाला "ऑडिओ_०७_नवीन" नावाच्या नऊ फाइल्स मिळाल्या की तो तुम्हाला परत काम देत नाही. त्या पहिल्या फोल्डरनंतर बीटवाल्याने माझं नाव अजून दोघांना दिलं, त्यातल्या एकीने अजून कोणाला. ओळख अशी पसरली, एकाही ऑडिशनला न जाता.

एक कडू गोष्ट पण आहे. माझा क्लासमेट गिटार वाजवतो, आम्ही दोघांनी मिळून तिसरं गाणं केलं आणि वाटा किती कोणाचा हे बोललोच नाही, कारण मित्रात काय बोलायचं. गाण्यात हक्क दोन असतात, एक रचनेचा म्हणजे चाल आणि शब्द, आणि दुसरा रेकॉर्डिंगचा. डिस्ट्रिब्युटर फक्त दुसऱ्याचे पैसे गोळा करतो, रचनेसाठी आपापल्या देशातल्या कॉपीराइट सोसायटीकडे वेगळी नोंद करावी लागते आणि तिथे टक्केवारी लिहावी लागते. तर फॉर्म भरताना मी चाल माझी म्हणून सगळं माझ्या नावावर लिहिलं, आणि तो म्हणाला की सुरुवातीचा गिटारचा तुकडा काढला तर त्या गाण्यात उरतं काय? खरं सांगायचं तर फार काही उरत नाही. पैसे येतील तर शपथ, पण आम्ही दोन महिने बोललो नाही. आता ५०-५० आहे आणि तसं एका कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहिलेलं आहे. नवीन गाणं असेल तर मी रेकॉर्ड बटण दाबायच्या आधी तो कागद काढते, लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे.

कॉलेजचं म्हणाल तर अटेंडन्स कसाबसा आहे. राहिलेले दोन विषय गाण्यामुळे राहिले असं बाबांना वाटतं, मी वाद घालत नाही, कारण एक खरंच गाण्यामुळे राहिलाय. दुसरा मला मुळात कळतच नाही. परीक्षेच्या महिन्यात मी काम घेत नाही असं ठरवलंय आणि गेल्या वेळी ते मोडलं.

स्वतःची गाणीही चालू आहेत, चौथं अर्धं झालंय. रूममेट आता स्वतःच विचारते, "आज पंखा किती वाजता बंद?" आणि त्या हिशोबाने आधी झोपून घेते.

काल रात्री नवीन फोल्डर आला, एक मुलगी आहे, २३ टेक. सगळे ऐकले. नवव्या टेकमध्ये ती इतकं सुंदर गायलीये की मी दोनदा परत लावला, पण मागे बारीक घरघर आहे, बाकी कुठल्याच टेकमध्ये नाही. मी तिला मेसेज टाकलाय, नववा टेक वापरायचाय, पंखा चालू राहिला होता का? आणि हॉस्टेलला आहेस का?