सुपरच्या कारखान्यातून आलेला डक्ट

सुपर फॉस्फेटच्या कारखान्यात पाहुणा गेला की त्याला खताचा ढीग दाखवतात. क्युरिंग शेडमध्ये राखाडी डोंगर, वरून फिरणारी क्रेन, सगळं बघायला छान असतं. वायू कुठून जातो हे कुणी दाखवत नाही आणि पाहुणाही विचारत नाही. आमचा सगळा संबंध त्या वायूशीच. रबाळे एमआयडीसीत आमची एफआरपीची, म्हणजे रेझिन नावाच्या चिकट द्रव्यात काचेचा धागा बसवून केलेल्या मालाची, शेड आहे. टाक्या, वायू नेणारे डक्ट, वायू पाण्याने धुणाऱ्या स्क्रबरचे टॉवर, पंख्यांची केसिंगं, असा माल इथून जातो आणि बिघडला की इथेच परत येतो. माझ्याकडे तपासणीचं काम आहे. माल बाहेर पडताना सही माझी असते, त्यामुळे तक्रार आली की बोलणीही मलाच खावी लागतात.

मे महिन्यातली गोष्ट. खरिपाच्या आधीचे दिवस म्हणजे सुपरवाल्यांची दिवाळी. त्या दिवसांत कुणी प्लांट बंद ठेवत नाही. तरीही खानदेशातल्या एका कारखान्याचा टेम्पो शेडसमोर लागला. ताडपत्रीखाली डक्टचा एक तुकडा होता, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या व्यासाचा. सोबत त्यांचे मेंटेनन्स इन्चार्ज रात्रीच्या गाडीने ठाण्याला उतरून, तिथून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून आले होते. पन्नाशीचा माणूस, डोळे झोपेने लाल. पाणी घ्या म्हटलं तर पेला हातातच राहिला.

"भाऊ, तुमचं रेझिन डुप्लिकेट निघालं. वर्ष नाही झालं पुरतं आणि डक्ट गळायला लागला. शेठ म्हणतात, नवा फुकट आणि बंद पडलेल्या दिवसांची भरपाई वेगळी."

डक्ट बाहेरून चांगला दिसत होता. रंगही शाबूत. फक्त खालच्या बाजूला, फ्लँजजवळ, म्हणजे जोडाच्या कडेशी, दोन तळहात मावतील एवढी जागा तपकिरी, ओलसर आणि अंगठ्याने दाबली तर दबेल अशी. आतून पाहिलं तर पांढरा थर. टेम्पोच्या हादऱ्यांनी त्याचा एक गोळा सुटून खाली पडला होता आणि आमचा एक नवा पोरगा तो उघड्या हाताने उचलायला वाकला.

"ए! हात मागं!" आबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या शेडमधला ग्राइंडर थांबला.

आबा आमचे जुने लॅमिनेशन मिस्त्री. त्यांचं ओरडणं बरोबर होतं. तो गोळा दिसायला निरुपद्रवी, पण त्यात मुरलेलं पाणी फ्लोरिनचं ॲसिड असतं. सल्फ्युरिक अंगावर उडालं तर माणूस लगेच किंचाळतो. हे पातळ असलं तर आधी काहीच वाटत नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो, तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम धरायला लागलेलं असतं. म्हणून आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल असते आणि असला माल आला की पहिली आंघोळ चुन्याच्या निवळीची. इन्चार्जसाहेब घड्याळाकडे बघत राहिले, पण निवळी फिरवून, पाण्याने धुऊन होईपर्यंत मी कुणाला डक्टला हात लावू दिला नाही.

हे ॲसिड खताच्या कारखान्यात येतं कुठून, ते सांगायला हवं. फॉस्फेटचा दगड आपल्याकडे थोडा उदयपूरजवळच्या झामरकोटड्याहून येतो आणि बराचसा जहाजाने, जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तकडून. त्यातला फॉस्फरस पाण्यात विरघळत नाही, म्हणजे पिकाला मिळत नाही. म्हणून दगड बारीक दळून त्यावर साधारण ७० टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड घालतात. मिक्सरमधून तो लगदा डेनमध्ये पडतो. डेन म्हणजे अगदी संथ सरकणाऱ्या पट्ट्यांची बंद खोली; अर्ध्या-पाऊण तासात लगदा वाफाळत घट्ट होतो आणि टोकाला फिरतं कटर त्याचे काप पाडतं. रसायन तिथे संपत नाही. सल्फ्युरिक आधी दगडाचा काही भाग फोडून फॉस्फोरिक ॲसिड तयार करतं, मग ते फॉस्फोरिक उरलेल्या दगडाला दोन-तीन आठवडे ढिगात पडल्या पडल्या खात बसतं. क्युरिंग म्हणतात ते हेच. शेवटी मोनोकॅल्शियम फॉस्फेट आणि जिप्सम यांचं मिश्रण हाती येतं. सरकारी नियमाप्रमाणे त्यात पिकाला मिळू शकणारं फॉस्फेट किमान १६ टक्के आणि गंधक ११ टक्के लागतं. सोयाबीनवाले त्या गंधकासाठी सुपर आवर्जून मागतात. इंग्लंडात जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये याचं पेटंट घेतलं, आपल्याकडे १९०६ मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला पहिला कारखाना निघाला आणि मूळ कृती अजून तीच आहे.

पण दगडात फॉस्फरससोबत तीन-चार टक्के फ्लोरिनही असतं. ॲसिड पडलं की त्यातलं काही सुटतं, दगडातल्या सिलिकाला धरतं आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड नावाचा वायू होऊन डेनच्या छतातून डक्टमध्ये येतं. पुढे स्क्रबरमध्ये पाण्याचा फवारा लागला की त्याचं फ्लुओसिलिसिक ॲसिड होतं आणि सिलिका वेगळी पडते, पांढरी, थुलथुलीत, अगदी खरवसासारखी. ॲसिडचं पाणी मिक्सरकडे परत नेऊन सल्फ्युरिक पातळ करायला वापरता येतं. सिलिकाचं मात्र कुणी काही करत नाही. ती नोझलमध्ये, कोपऱ्यात, फ्लँजच्या कडेला साचते आणि वाळली की छिन्नीलाही दाद देत नाही. डीएपी खतवाले मला म्हणूनच सुखी वाटतात. त्यांच्याकडे निसटलेला अमोनिया पकडायला स्क्रबरमध्ये फॉस्फोरिक ॲसिडच फिरवतात, पकडलेलं सगळं पुन्हा खतात. सुपरवाल्यांच्या नशिबी खरवस.

आता यातली खरी अडचण. एफआरपी म्हणजे काचेचा धागा आणि रेझिन. आणि फ्लोरिनचं ॲसिड काच खातं. काच म्हणजे शेवटी सिलिकाच. ती खाऊन पुन्हा तोच टेट्राफ्लोराइड तयार होतो. ज्या वायूला धरायला डक्ट आणि टॉवर उभे केले तो त्यांच्याच भिंतीतून निघायला लागतो. म्हणून सुपरच्या कामात वायूला लागणाऱ्या आतल्या थरात आम्ही काचेचा टिश्यू वापरत नाही. तिथे पॉलिएस्टरचा व्हेल, म्हणजे कापडासारखा पातळ थर, तोही दुहेरी, आणि त्यात भरपूर व्हिनाइल एस्टर रेझिन. काचेच्या धाग्यांचे जाड थर, म्हणजे मॅट आणि रोव्हिंग, त्याच्या मागे, ॲसिडपासून लांब.

इन्चार्जसाहेबांचा आरोप असा की आम्ही आत हा व्हेल घातलाच नाही. बिलात लिहिला आणि मालात खाल्ला. आरोप हवेतला नव्हता. काचेचा थर आणि पॉलिएस्टरचा थर रेझिनमध्ये भिजले की वरून ओळखू येत नाहीत आणि व्हेल महाग असतो, त्यामुळे असं करणारे लोक या धंद्यात आहेत.

मी त्यांना म्हटलं, "साहेब, रेझिनवरून भांडायला नको. जाळून बघू."

एफआरपीचा छोटा तुकडा भट्टीत साडेपाचशे अंशांच्या वर ठेवला की रेझिन जळून जातं आणि काच राहते. मग थर एकेक करून चिमट्याने उचलता येतात, मोजता येतात. पॉलिएस्टरचा व्हेल रेझिनबरोबर जळून जातो, त्याचा मागमूस राहत नाही. त्यामुळे आतल्या अंगाला काहीच न उरणं, हीच व्हेल असल्याची खूण. आतल्या अंगाला पहिल्याच थरात काच सापडली, तर व्हेल नव्हता.

दोन तुकडे कापले. एक चांगल्या भागातला, एक मऊ पडलेल्या जागेच्या अगदी काठाचा, फ्लँजच्या गास्केटखालचा, जिथे ॲसिड नीट पोचलं नव्हतं. दोन्हींची आतली बाजू खुणा करून ठेवली आणि भट्टीत टाकले. इन्चार्जसाहेबांना म्हटलं, रेल्वेत झोप झाली नसेल, ऑफिसात पडा. ते हलले नाहीत. भट्टीसमोर स्टूल ओढून बसले.

तेवढ्या वेळात आबांनी मऊ जागा आतून नुसत्या बोटाने चाचपली आणि मला खुणेने बोलावलं. कडेला कडेला ग्राइंडरचे ओरखडे होते. आतून. आमच्या मालात आतल्या बाजूला ग्राइंडर लागायचा प्रश्नच येत नाही. मोल्डवरून निघतो तेव्हा तो भाग आरशासारखा गुळगुळीत असतो.

"साहेब, इथं कुणी काही केलं होतं का?"

ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "चोक झाला होता ना भाऊ. जानेवारीत. पोरांनी पहारीने काढलं."

पुढचं मग हळूहळू निघालं. वाळलेली सिलिका पहारीने फोडताना आतला थर टवका उडून फुटला. प्लांट बंद ठेवायचा नव्हता, म्हणून गावातल्या एका माणसाला बोलावलं. तो कूलरच्या टाक्या आणि छपराचे पत्रे बनवतो, हात चांगला आहे त्याचा. त्याने त्याच्या रीतीने सगळं बरोबर केलं: पॅच नीट चिकटावा म्हणून आतून ग्राइंडर मारला, साधी काचेची मॅट घातली, साधं रेझिन ओतलं, वरून रंग फासला. कूलरची टाकी असती तर दहा वर्षं टिकली असती. इथे त्याने ग्राइंडरने आमचा व्हेलच काढून टाकला आणि ॲसिडला थेट काच वाढली. ॲसिड एकेका धाग्याच्या कडेने आत शिरलं आणि मागची मॅटही पोखरून बाहेर आलं.

भट्टी उघडली तेव्हा तेच दिसलं. चांगल्या तुकड्याच्या आतल्या अंगाला काही नव्हतं, थेट व्हेलमागची मॅट सुरू. काठाच्या तुकड्यात मात्र सगळ्यात आतला थर काचेचा, जाड मॅटचा, आमच्या मापाचाही नाही. इन्चार्जसाहेबांनी चिमटा माझ्या हातून घेऊन स्वतः ते थर परत मोजले.

तरी माझ्या मनात एक शंका होतीच. पॅच चुकीचा, मान्य. पण चार महिन्यांत आरपार? मी त्यांच्या लॅबला फोन लावायला सांगितला. फोनवर मॅडम होत्या, आणि फार मुद्द्याचं बोलल्या. दगड मार्चपासून बदलला होता. नव्या दगडात फॉस्फेट जास्त म्हणून खरेदीवाले खूश, पण सिलिका कमी. सिलिका कमी असली की फ्लोरिनला धरायला जोडीदार पुरत नाही आणि ते मोकळ्या हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात जास्त येतं. काचेसाठी तो सगळ्यात वाईट. "मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं," मॅडम म्हणाल्या, "पण तो कॉलम कुणी वाचत नाही."

मला विचाराल तर त्या दिवसातली सगळ्यात कामाची ओळ ती होती. खरेदी बघते टक्का, प्रॉडक्शन बघतं टन, आणि दगड बदलला की वायू बदलतो हे सांगणारा कागद लॅबच्या फाइलीत पडून राहतो. मी तेव्हाच ठरवलं की पुढच्या ऑर्डरच्या फॉर्मवर 'दगड कुठला' ही ओळ घालायची. आमच्या शेठनी विचारलं, टाक्या बनवणाऱ्यांना दगडाशी काय घेणं? पण ओळ राहिली.

पैशांचं प्रकरण फोनवर संध्याकाळपर्यंत चाललं. तिकडचे शेठ आधी चढ्या आवाजात होते, मग भट्टीतल्या थरांचे फोटो गेल्यावर भरपाईचा विषय त्यांनी सोडला, पण दर पाडून घेतलाच. त्यात आम्ही ओढून धरलं नाही. हंगामात बंद पडलेल्या प्लांटचा हिशेब आम्हालाही कळतो. नवा डक्ट तातडीने करायचा ठरला. आबांनी मोल्ड त्याच रात्री साफ करून घेतला. मे महिन्यात खाडीवरून असा दमट वारा येतो की रेझिन सेट व्हायला कुरकुर करतं, त्यामुळे शेडची एक बाजू बंद करून हॅलोजन लावावे लागले. यावेळी डक्टला आम्ही दोन हँडहोल, म्हणजे हात घालायची झाकणाची भोकं, जास्त दिले, सिलिका ओली असतानाच पाण्याच्या प्रेशरने धुऊन काढता यावी म्हणून. आबांनी हँडहोलच्या झाकणावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहार लावू नये.

निघताना इन्चार्जसाहेबांनी व्हेलचे दोन रोल आणि व्हिनाइल एस्टरचा एक छोटा ड्रम विकत घेतला. आता पॅच लागलाच तर त्या कूलरवाल्याकडूनच, पण आमच्या मालाने करून घेऊ म्हणाले. कल्पना चांगली होती. मी एवढंच सांगितलं की हे रेझिन थंड जागेत ठेवा, तुमच्याकडच्या बेचाळीस अंशांत ड्रममध्येच गोठून बसेल.

"थंड म्हणजे किती?"

"पंचविसाच्या खाली."

"एसी फक्त लॅबमध्ये आहे," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "मॅडमना तुम्हीच फोन करता का?"