चिलखत बसून मापा, उभं राहून नाही

इकडे आल्यावर काय काय करायचं याची मोठी यादी होती माझ्याकडे, त्यात चामड्याचं चिलखत उसवणं नक्कीच नव्हतं. झालं असं की ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला लार्पला ओढत नेलं. लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल प्ले, वीकेंडला रानात जमायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फोमच्या तलवारी घेऊन लढायचं, चांगले चाळिशीतले सभ्य लोक एकमेकांना "मेलास तू, पड खाली" म्हणतात आणि समोरचा इमानदारीत पडतो. ड्रेस मात्र सगळ्यांचे एकदम जोरदार, आणि मी पहिल्यांदा जीन्सवर शाल गुंडाळून गेले होते (फोटो मागू नका). माझी दया येऊन ग्रुपमधल्या एका उंच माणसाने त्याचं जुनं चिलखत मला देऊन टाकलं.

घरी आणून आरशासमोर उभी राहिले तर काय सांगू, साक्षात रणरागिणी. मग बूट घालायला खुर्चीत बसले आणि चिलखताची खालची कड मांड्यांवर टेकली, अख्खं चिलखत वर सरकलं आणि गळ्याची कड हनुवटीखाली येऊन रुतली. रणरागिणीचं कासव झालं एका सेकंदात.

मला वाटलं ढगळ आहे म्हणून सरकतंय, म्हणून बाजूच्या पट्ट्यांना पंचने जास्तीची भोकं पाडली आणि बक्कल घट्ट आवळलं. काहीही फरक नाही, उलट आता श्वासही घेता येईना. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "अगं घेर ठीकच आहे, उंची जास्त आहे तुला. आणि हात वर कर बघू... हां, काखेतही धरतंय." आयुष्यभर ब्लाउज शिवलेल्या बाईला चिलखत काय अन् ब्लाउज काय! मी दोन आठवडे घेर घेर करत बसले होते.

कडक चामडं कापडासारखं दुमडत नाही, तुम्ही बसलात की ते सगळंच्या सगळं वर ढकललं जातं. त्यामुळे छातीचा भाग कमरेच्या बारीक जागेपाशी संपायला हवा, कमरेच्या हाडापर्यंत उतरायला नको. ती जागा कशी शोधायची, तर एका बाजूला वाकायचं, जिथे घडी पडते ती. आणि माप घ्यायचं ते आतला जाड अंगरखा घालूनच, नाहीतर टी-शर्टवर परफेक्ट बसलेलं चिलखत ऐनवेळी चढतच नाही.

"आधी कागदावर काढ, मार्जिन ठेव, आणि कात्री हातात घेशील तेव्हा फोन ठेवून दे," ही आईची पुढची ऑर्डर. जाड कागदाचं चिलखत करून ते घालून मी घरभर फिरले, बसले, वाकले, दोन्ही हात पुढे घेऊन कैची केली. हात पुढे घेतल्यावर कागद जिथे चुरगळला तिथे खडूने खूण, तोच काखेचा नवीन आकार. खालून सहा सेंटीमीटर जादा निघालं, मी पाचच कापायचं ठरवलं, कारण कापलेलं चामडं परत जोडता येत नाही, म्हणजे येतं पण ते ठिगळ जन्मभर दिसतं.

कापायच्या आधी चामडं कुठलं ते बघून घ्या. माझं व्हेज टॅन निघालं, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, आतून तपकिरी असतं आणि ओलं करून आकार दिला तर तो धरून ठेवतं. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, आतून बरेचदा निळसर-राखाडी दिसतं, मऊ असतं, त्याला कितीही भिजवा, आकार धरत नाही. जाडी साडेतीन मिलिमीटर, चामड्यावाल्यांच्या भाषेत ८-९ औंस (एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी, वजनाशी घोळ घालू नका). एवढं जाड चामडं एका दमात कापायला गेलात की सुरी घसरलीच म्हणून समजा. नवीन पातं आणि हलक्या हाताने त्याच रेघेवरून चार-पाच वेळा.

जुने रिव्हेट, म्हणजे पट्टे धरून ठेवणारे ठोकलेले खिळे, उपटायला जाऊ नका, भोक फाटतं. डोक्यावर मधोमध ड्रिल लावून टोपी उडवली की बाकीचा खिळा आपोआप सुटतो. आणि नवीन जागी लगेच रिव्हेट ठोकण्याऐवजी मी शिकागो स्क्रू लावले, ते स्क्रूड्रायव्हरने परत उघडता येतात, मग दोन दिवस घालून बघितलं, खांद्याचे पट्टे अजून बोटभर आत घेतले, आणि मगच ठोकाठोकी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही एकमेव हुशारी.

बाकी बावळटपणा भरपूर. कापलेली खालची कड पोटात टोचू नये म्हणून ती जराशी बाहेर वळवायची होती. वरून फिनिश मारलेलं असल्याने पाणी आत शिरेना, म्हणून आतल्या बाजूने स्पंजने भिजवलं, रंग परत फिकट व्हायला लागेपर्यंत थांबले आणि मग हाताने वळवलं, छान वळलं. तो आत्मविश्वास घेऊन मनगटाचं कवचही भिजवलं आणि रात्र झाली होती म्हणून हेअर ड्रायर फुल्ल करून अगदी जवळ धरला. सकाळी बघते तर कवच आकसून लाकडासारखं टणक, हात आत जाईना. ओलं चामडं ७०-८० अंशांच्या पुढे तापलं की त्यातलं कोलेजन आकसतं आणि ते परत फिरत नाही. मध्ययुगात युरोपात हेच मुद्दाम करायचे म्हणे, चामडं कडक व्हावं म्हणून, त्याला क्वीर बुयी म्हणजे उकळलेलं चामडं म्हणतात. मी अनवधानाने इतिहास जिवंत केला, फक्त चुकीच्या मापात. ते कवच आता पेनस्टँड आहे. चिलखत मात्र दोन दिवस पंख्याशिवाय, हिटरशिवाय नुसतं सावलीत वाळवलं.

कडा घासायला मजा आली. रापीने कोपरे मारले, पाण्याचं बोट फिरवलं आणि लाकडाच्या गुळगुळीत दांडीने घासत बसले, दहा मिनिटांनी ती केसाळ कड काचेसारखी चमकायला लागते, वर रंग लावला की कापलंय हे कोणाला कळतही नाही.

परवाच्या लढाईत तीन मिनिटांत मेले. पण मेल्यावर गवतात पडून राहावं लागतं बराच वेळ, लढाई संपेपर्यंत, आणि या वेळी गळ्याला काहीही टोचलं नाही. उठून बसले, चिलखत न काढता बुटाची लेस बांधली, आणि ज्याने ते दिलं होतं तो लांबून बघून म्हणाला, "हे माझं नाहीच."