फळांची गोड भजी : आमची वाटचाल

आमचा गृहउद्योग सातारा जिल्ह्यातला. माल एकच : फळांच्या गोड भज्यांचं कोरडं पीठ, म्हणजे प्रीमिक्स, आणि त्याच्या जोडीला बांबूच्या काड्या नि दालचिनी-साखरेच्या पुड्या. सुरुवात जत्रेतल्या पालातून झाली. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून गावोगावच्या उरुसांपर्यंत भज्यांच्या कढया सगळीकडे असतात, पण त्यात कांदा, बटाटा नि मिरची. गोड हवं असेल तर जिलेबी आणि गोडीशेव. तळलेलं गोड फळ हा खरं तर परदेशी मेळ्यांतला खाऊ. नेदरलँड्समध्ये वर्षाच्या शेवटच्या दिवशी सफरचंदाची भजी पिठीसाखर भुरभुरून खातात. डॅलसला भरणाऱ्या टेक्सासच्या मेळ्यात तर नवनव्या तळलेल्या पदार्थांची स्पर्धाच २००५ पासून चालू आहे. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक मिळालं ते शाळांच्या आनंदनगरीमुळे आणि सोसायट्यांच्या फनफेअरमुळे. तिथे एकदा खाल्लं की लोक विचारतात, ‘हे घरी का जमत नाही?’ आमचा पुढचा सगळा धंदा या प्रश्नावर उभा आहे.

घरी जमत नाही ते फळातल्या पाण्यामुळे. केळ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, सफरचंदात आणि अननसात ८५-८६, स्ट्रॉबेरीत तर ९१ टक्के. कढईत पडलं की या पाण्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट शोधते. आवरण पातळ असेल तर ते फाडून निघते, मग रस तेलात उतरतो आणि तडतड सुरू होते. आवरण जाड असेल तर वाफ आतच कोंडते, फळ आणि पीठ यांच्यात पोकळी राहते, आणि भजं उचलेपर्यंत वरचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. पिठाची जमवाजमव, फळाची निवड, तेलाचं तापमान, हे सगळं या वाफेला शिस्त लावण्यासाठीच आहे.

पालात पहिल्यांदा फक्त केळं होतं, आणि पीठ बेसनाचं. बेसन गोडाला चालत नाही. त्याचा कच्चट वास केळ्यावर चढतो आणि ओवा-मीठ नसलं की ते नुसतं अळणी लागतं. म्हणून मैदा आला. नुसत्या मैद्याचं आवरण गरम असताना छान लागतं आणि पाच मिनिटांत चिवट होतं. त्याला कुरकुरीतपणा द्यायला तांदळाचं पीठ, आणि हलकेपणासाठी कॉर्नफ्लोअर. आज आमच्या एका किलोच्या पाकिटात मैदा ६८० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी १४०, कॉर्नफ्लोअर ९०, पिठीसाखर ५५, बेकिंग पावडर २५, मीठ ८ आणि वेलची २ ग्रॅम असते. हे गुपित वगैरे काही नाही. घरी करायचं असेल तर मैदा १३५ ग्रॅम, तांदळाची पिठी २८, कॉर्नफ्लोअर १८, पिठीसाखर ११, बेकिंग पावडर ५ ग्रॅम (सपाट चमचाभर), मीठ पाव चमचा आणि वेलची चिमूटभर. २०० ग्रॅमच्या पाकिटात हेच असतं. चार-पाच केळ्यांना पुरतं.

साखर एवढी कमी का, हा प्रश्न हमखास येतो. पिठात साखर वाढवली की भजं आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतं, आणि तेलही जास्त पितं. गोडी वरून द्यायची. खायचा सोडा घालू नका, ही दुसरी सूचना. बेकिंग पावडर संपली म्हणून त्याच मापाने सोडा घातला तर साबणासारखी चव येते, रंग भराभर चढतो आणि आवरण सच्छिद्र होऊन तेलकट होतं. आंबट काही नसेल तर सोड्याचं पिठात कामच नाही.

पीठ भिजवायला पाणी फ्रीजमधलं, गार. गार पाण्यात मैद्याचा चिकटपणा उशिरा सुटतो आणि पीठ फळावर जाडसर बसतं. २०० ग्रॅम कोरड्या पिठाला केळं आणि सफरचंद यांसाठी १९० मिलिलिटर पाणी, अननसाला १८०, स्ट्रॉबेरीला १६५. आधी दोन तृतीयांश पाणी घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं घाला. फेटत बसू नका. बारीकसारीक गुठळ्या राहिल्या तरी तळणीत दिसत नाहीत, उलट जास्त घोटलेलं पीठ रबरी होतं. शेवटी एक चमचा तेल. चमचा पिठात बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. केळ्यासाठी ती रेघ दोन-तीन सेकंदांत बुजली पाहिजे, स्ट्रॉबेरीसाठी तशीच राहिली पाहिजे.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक टीप पाकिटावर छापायची राहून जाते ती इथे : मैद्याऐवजी तिकडच्या दुकानातलं ‘सेल्फ रायझिंग’ पीठ वापरत असाल तर त्यात बेकिंग पावडर आधीच असते, वेगळी घालू नका. काही देशांत त्यात मीठही असतं, तेव्हा पाकीट वाचूनच मीठ घाला.

आता फळं. केळं सर्वांत सोपं, म्हणूनच सर्वांत जास्त बिघडवलं जाणारं. बाजारात मिळतं ते बहुतेक जळगाव पट्ट्यातलं जी-नाईन जातीचं. साल पूर्ण पिवळी आणि देठाशी किंचित हिरवट झाक, या बेताचं घ्यायचं. सालीवर काळे ठिपके दाट झाले की आत साखर वाढलेली असते. असं केळं तेलात विरघळल्यासारखं होतं आणि कडा जळतात. ते केळं गुलगुल्यांना वापरा, तिथे ते कुस्करूनच घालायचं असतं. चकत्या तिरक्या, दीड सेंटिमीटर जाडीच्या. वसईची राजेळी केळी मिळाली तर प्रश्नच मिटला : गर घट्ट, तळणीत आकार सोडत नाही, आणि पिकलेली असूनही बोटाला चिकटत नाही. महाग पडतात म्हणून पालात परवडत नाहीत, घरी मात्र एकदा करून बघाच.

सफरचंदाची चकती ८ मिलिमीटरची. १२ मिलिमीटर केली की आत कच्ची राहते, ५ केली की मधेच वाकते. शीतगृहात फार दिवस राहिलेलं, दाबलं की रवाळ लागणारं सफरचंद चालत नाही. त्याचा तळल्यावर लगदा होतो. कडक आणि जरा आंबटसर असेल ते उत्तम. काळं पडू नये म्हणून लिंबूपाण्यात टाकायची सवय असते, पण मग प्रत्येक चकती फडक्यावर दोन्ही बाजूंनी टिपावी लागते. त्यापेक्षा ऐन वेळी चिरा.

अननसाला वेळ द्यावा लागतो. सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या जाळीवर पसरून अर्धा तास फ्रीजमध्ये उघड्या ठेवा. वरचा ओलावा सुकतो. डब्यातला असेल तर पाक पूर्ण निथळून, पुसून. पीठ दुधात किंवा दह्यात भिजवलं असेल तर ताजा अननस त्यात बुडवून ठेवू नका. अननसातलं ब्रोमेलिन दुधातली प्रथिनं तोडतं आणि पीठ कडवट होतं. आमचं पीठ पाण्यात भिजवायचं ठेवलंय त्यामागे हेही एक कारण. दुसरं कारण अंडं. परदेशी कृतींत अंडं असतंच, पण जत्रेत आणि शाळेत बिनअंड्याचंच खपतं, आणि तांदळाची पिठी असली की अंड्यावाचून काही अडत नाही.

स्ट्रॉबेरी आमच्या जिल्ह्याचं फळ, आणि तळायला सर्वांत अवघड. महाबळेश्वर-पाचगणीत स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा अशा जाती लावतात. तळणीला कॅमारोसा बरी, ती घट्ट असते. मध्यम आकाराची फळं घ्या. देठ काढायच्या आधी धुवा. देठ काढून धुतलं की खळग्यातून पाणी आत जातं. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, काडीला टोचा आणि २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. नुसती गार आणि घट्ट व्हायला हवीत, गोठायला नकोत. फळावर बर्फाचा पांढरा भुगा दिसला तर तो पुसल्याशिवाय तेलाजवळ नेऊ नका, बर्फ तेलात पडला की तेल उसळून अंगावर येतं. द्राक्षं मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी तळू नका. साल वाफ धरून ठेवते आणि द्राक्ष फुटतं. कलिंगड आणि संत्र्याबद्दल विचारणारेही भेटतात. पाणीच तळायचं असेल तर आमची हरकत नाही.

कोणतंही फळ पिठात बुडवण्याआधी कोरड्या पिठात घोळवा आणि झटका. पाकिटातलंच दोन चमचे पीठ त्यासाठी बाजूला काढून ठेवायचं. हा पातळ कोरडा थर फळाचा ओलावा शोषतो आणि ओलं पीठ त्याला धरून राहतं. ही एक पायरी गाळली की कढईत फळ एकीकडे आणि पिठाची टोपी दुसरीकडे तरंगते. ‘तुमचं पीठ सुटतं’ अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो.

तेल रिफाइंड, वासाचं नको. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राईसब्रान, कुठलंही चालेल. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. केळ्याला १७५ अंश आणि अडीच-तीन मिनिटं, सफरचंदाला १७० आणि साडेतीन-चार, अननसाला १८० आणि दोन-अडीच, स्ट्रॉबेरीला १८५-१९० आणि जेमतेम एक मिनिट, कारण तिथे फळ शिजवायचं नसतं, फक्त आवरण. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका : तळाला बसून राहिला तर तेल थंड, पडताक्षणी वर येऊन लाल झाला तर जास्त तापलंय, अर्ध्यात जाऊन वर आला तर बरोबर. लिटरभर तेलात एका घाण्याला चार तुकडे, पाचवा नको. जास्त टाकले की तेल एकदम उतरतं, आवरण बसत नाही आणि तेल आत शिरतं. घाण्यांच्या मधे तरंगणारे कण झाऱ्याने काढत राहा, नाहीतर तेच करपून पुढच्या भज्यांवर काळे ठिपके होतात.

तेलकटपणाचं खरं कारण मात्र कढईबाहेर आहे. भजं तेलात असेपर्यंत आतली वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेलाला आत यायला फारशी जागा नसते. बाहेर काढल्यावर वाफ थंडावते, आत ओढ तयार होते, आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल शोषलं जातं. म्हणून झाऱ्यात घेऊन कढईवरच पाच-सहा सेकंद हलवा, मग तारेच्या जाळीवर उभं ठेवा. कागदावर पसरलं तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. साखर दोन मिनिटं थांबून लावा. कढत भज्यावर पिठीसाखर विरघळून चिकट थर होतो. पालात आम्ही पिठीसाखर सोडून बारीक दाणेदार साखर घेतली ती यासाठीच. ५० ग्रॅम साखरेला ३ ग्रॅम दालचिनी पूड. दालचिनी याहून जास्त झाली की मुलं तोंड वाकडं करतात.

पिठाचं पाकीट करताना नवी डोकेदुखी आली ती पावसाळ्याची. दमट हवेत बेकिंग पावडर पिठातच हळूहळू खर्ची पडते, आणि भजी चपटी होतात. म्हणून मैदा आणि तांदळाची पिठी मंद आचेवर कोरडी करून, पूर्ण गार झाल्यावरच बाकीचं मिसळतो आणि आतून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटात सील करतो. घरी पाकीट फोडलं की उरलेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शंका आली तर चमचाभर पिठावर गरम पाणी घाला, बुडबुडे आले नाहीत तर अर्धा चमचा ताजी बेकिंग पावडर मिसळा. पिठात घोळवून गोठवलेली तयार भजी का विकत नाही, असं दुकानदार विचारतात. गोठताना फळाच्या पेशी फुटतात, तळताना सगळा रस एकदम सुटतो. बटाट्याला ते चालतं, फळाला नाही.

तेल किती वेळा वापरायचं, यावर स्टॉलवाल्यांशी आमची नेहमी जुंपते. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, आणि २०१८च्या जुलैपासून ती लागू आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल दाट झालं, फेस विझेना किंवा तापण्याआधीच धूर आला तर ते टाकायचं. फळाचा रस उतरलेलं तेल कांदाभज्यांच्या तेलापेक्षा लवकर काळवंडतं, कारण त्यात साखर असते. एकदा तळून गाळलेलं तेल दोन-तीन दिवसांत भाजीला वापरून संपवा.

आनंदनगरीसाठी शाळा एक किलोचं पाकीट नेतात. त्याला साधारण दोन डझन केळी लागतात आणि प्लेटला पाच तुकडे धरले तर ३२ ते ३५ प्लेटा होतात. कढईत ३ लिटर तेल आणि वर घालायला अर्धा लिटर हाताशी. सगळं पीठ एकदम भिजवू नका, २०० ग्रॅमचे पाच भाग करा. भिजवल्यावर अर्ध्या तासाने त्यातली हवा उतरायला लागते, आणि शेवटच्या प्लेटा घेणाऱ्यांना चपटी भजी मिळतात. काड्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, पण वापरायच्या आधी पुसा.