ज्याच्या नावाचं चॅपल, तोच गैरहजर

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात रेहोबथच्या किनाऱ्याला जाताना डोव्हर मागे पडलं की फ्रेडरिका गावाजवळ लाल विटांची एक दुमजली इमारत दिसते. ना मनोरा, ना घंटा. इतकी वर्षं मला ती जुनी शाळाच वाटायची. या वेळी गाडी आत घातली. मुलं कुरकुरली, त्यांना समुद्र हवा होता.

हे बॅरेट्स चॅपल, म्हणजे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर, १७८० सालचं. फिलिप बॅरेट इथला जमीनदार, केंट परगण्याचा शेरीफ राहिलेला. जमीन त्याची आणि पुढाकारही त्याचाच. दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली इंग्लंडमध्ये बसून राजाची बाजू घेत होता, त्यामुळे त्याचे इथले अनुयायी म्हणजे फितूर असा संशय. त्यांचा मुख्य उपदेशक फ्रान्सिस अ‍ॅस्बरीसुद्धा डेलावेअरमध्येच एका न्यायाधीशाच्या घरी दडून राहिलेला. सांगतात की, कुणीतरी तेव्हा टोमणा मारला होता, ‘एवढं मोठं कशाला? युद्ध संपेल तेव्हा तुमचे सगळे मेथडिस्ट मक्याच्या एका कणगीत मावतील!’

१४ नोव्हेंबर १७८४, रविवार. वेस्लीने धाडलेला डॉ. थॉमस कोक इथे प्रवचन देत होता. ते संपताच साधासुधा, धट्टाकट्टा एक माणूस पुढे आला आणि त्याने कोकला मिठी मारून मुका घेतला. तो अ‍ॅस्बरी. पाठोपाठ प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी झाला, पाच-सहाशे माणसांना. इथल्या उपदेशकांना दीक्षा नसल्यामुळे तोवर तो अधिकारच नव्हता. कोकसोबत आलेल्या व्हॉटकोटने प्याला हाती घेतलेला बघून खुद्द अ‍ॅस्बरी चपापला. याच भेटीत ठरलं, नाताळात बाल्टिमोरला सगळ्यांना बोलवायचं. तिथे अमेरिकेतलं स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उभं राहिलं.

दोघं भेटले ती जागा दाखवायला जमिनीत धातूची चांदणी बसवली आहे. माझी धाकटी तिच्यावर एका पायावर उभी राहिली. मी दटावणार होते, पण राहू दिलं.

आणि बॅरेट? तो नव्हता. काही दिवसांपूर्वीच वारला होता. कोकने रोजनिशीत तसं लिहून ठेवलंय. त्या दुपारी सगळे मैलभरावरच्या त्याच्या घरी जेवायला गेले. पानावर अकरा उपदेशक, शिवाय पाहुणे. मला राहून राहून त्याच्या बायकोचं नवल वाटतं. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं, आणि चुलीवर एवढ्या पंगतीचा स्वयंपाक.