पंच्याहत्तर टक्क्यांच्या अलीकडे

गाडी क्रेनवरून उतरली आणि काकांनी विचारलं, "नीट होईल ना रे ही?" बॉडीशॉपमध्ये एस्टिमेट बनवायला लागल्यापासून या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे, "उघडल्यावर सांगतो." तेच सांगितलं. पण मला काय ते तेव्हाच दिसलं होतं.

डिसेंबर २०२३. काका इंदूरच्या रामबागेतले, निवृत्त मास्तर. काकू आणि त्यांच्या बहिणीला घेऊन महेश्वरला निघाले होते. मानपूर सोडलं की धामनोदकडे उतरणारा गणपती घाट लागतो. आता त्या उताराला टाळून नवा रस्ता झालाय, तेव्हा नव्हता. लोड भरलेल्या ट्रकचे ब्रेक तिथे तापून निकामी व्हायचे आणि ट्रक पुढे जे असेल त्यावर जायचा. काकांची गाडी दोन ट्रकांच्या मधे सापडली. मागून धक्का, पुढे टक्कर. काकूंच्या मनगटाचं हाड मोडलं, बाकी दोघं धडधाकट. देवासनाक्यावर आमच्या आवारात काका आले ते गाडीतल्या पितळी बालकृष्णाला रुमालात गुंडाळून.

आमच्या कामाचं बाहेर कोणाला माहीत नसतं ते एवढंच, की पहिलं एस्टिमेट हा अंदाज असतो. बंपर, बॉनेट, डिकी, लाइट, जे वरवर दिसतं ते लिहायचं. मग गाडी उघडायची, विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरसमोर. आत जे निघेल ते सप्लिमेंटरीत, म्हणजे पुरवणी यादीत. पहिल्या एस्टिमेटवर मॅनेजरची नजर असते. त्या दिवशीही माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते म्हणाले, "देख भिया, गाड़ी हाथ से जाना नी चाहिए." गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे विमा कंपनीने दुरुस्तीऐवजी गाडीची किंमतच देऊन टाकली, तर वर्कशॉपला मिळतं पार्किंगचं भाडं आणि उघडण्याची मजुरी. दुरुस्त झाली तर साडेतीन लाखांचं बिल. यात कोणी चोर नाही. पण पगार कुठून होतो ते प्रत्येकाला ठाऊक असतं.

उजव्या लाँग मेंबरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे जाणारे पोकळ पत्र्याचे दोन दांडे असतात, बंपर त्यांच्या टोकावर बसतो. गाडीच्या कंपनीने त्यांवर मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, म्हणजे धडकेत ते तिथून घडी घालत दबतात आणि मार आत बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. काकांच्या गाडीत तो वरून सरळ दिसत होता. मी टॉर्च आडवा धरला. दुसऱ्या खाचेपाशी पत्र्याच्या जोडावर भरलेल्या सीलरवर केसाएवढी चीर होती, आणि नख फिरवल्यावर पत्र्याला लहानशी उकळी लागत होती, दुधावर साय धरताना उठते तशी. डेंटर उस्तादांना बोलावलं. त्यांनी बोट लावलं, मान हलवली. गेज लावून दोन्ही तिरकस मापं घेतली तर ११ मिलिमीटरचा फरक. अशा मापात दोन-तीन मिलिमीटर सोडून देता येतात, अकरा नाही.

तो दांडा बेंचवर ओढून सरळ होतो. फोटोत नव्यासारखा दिसतो. पण पुढच्या टकरीत तो कुठे आणि किती दबेल हे मग कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सर्व्हेअर साहेब दुपारी दीडला आले, मोटरसायकलवरून, पाठीवर लॅपटॉप. नुकसान ₹५०,००० च्या वर गेलं की लायसन्सवाला सर्व्हेअर लागतोच, आणि कायद्याने तो स्वतंत्र असतो. स्वतंत्र म्हणजे पुढची गाडी त्याला कोण देणार हे त्याला पक्कं माहीत असतं. माणूस वाईट नाही. पण दिवसाला सात-आठ गाड्या बघणाऱ्याला उकळी दिसत नाही, यादी दिसते. "इसको खिंचवा लो ना," ते लाँग मेंबरवर बोट ठेवून म्हणाले. मी गेज पुन्हा लावून दाखवला. ते वाकले, वाचलं, आणि काही न बोलता यादीत 'रिप्लेस' केलं. त्या दिवसातली माझी जिंकलेली गोष्ट ही एवढीच.

मग हिशोब सुरू झाला. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत मान्य केलेली किंमत, ₹४,१०,०००. तिचे ७५ टक्के ₹३,०७,५००. खर्च त्याच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. आमचं सगळं धरून, जीएसटीसकट, ₹३,४२,०००. म्हणजे ८३ टक्के. काका बाजूच्या स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. ४ लाख ९ हजार हातात आले, क्लेममधून कापले जाणारे कंपल्सरी ₹१,००० वजा करून, तर जुनी का होईना, दुसरी गाडी येते.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि घसारा, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून होणारी कपात, कापायला घेतला. गाडी सहाव्या वर्षात, पॉलिसी साधी, झिरो डेप, म्हणजे घसारा माफ करणारं जादा कव्हर, नाही. धातूच्या पार्टवर ४० टक्के कट, प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगवर ५०, काचेवर शून्य. पेंटच्या मजुरीतला चौथा हिस्सा मटेरियल धरून त्यावरही ५०. ज्या पिशवीने काकांचं तोंड वाचवलं तिचे अर्धे पैसे काकांनीच द्यायचे. सगळं कापून विमा कंपनीची लायबिलिटी, म्हणजे तिने द्यायची रक्कम, उरली ₹२,२८,७००. "पचपन टका," साहेब म्हणाले. "रिपेअर केस है."

काकांच्या खिशातून ₹१,१३,३००. वर क्रेनवाल्याने घेतलेले साडेसहा हजार, त्यातले पॉलिसी फक्त दीड हजार देते.

इथे मला जे माहीत होतं ते काकांना माहीत नव्हतं. पॉलिसीत ते वाक्य असं आहे, की दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर टोटल लॉस. 'अटींच्या अधीन' म्हणजे घसारा कापल्यानंतरचा खर्च, असं कंपन्या वाचतात. 'एकूण खर्च' म्हणजे एकूण, असंही वाचता येतं. आणि काकांनी झिरो डेप घेतलं असतं तर हाच वाकलेला पत्रा, हीच मापं, हीच यादी ८३ टक्क्यांना टोटल लॉस ठरली असती.

आणखी एक आकडा साहेबांच्या लॅपटॉपवर होता. सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, बोली आली होती ₹१,४५,०००. म्हणजे टोटल लॉस दिला तर मोडकी गाडी विकून कंपनीला पडणार होते ₹२,६४,०००, दुरुस्तीत पडत होते ₹२,२८,७००. सगळी चर्चा ₹३५,३०० ची होती. तो स्क्रीन काकांकडे वळवलेला नव्हता, मी बाजूने पाहिला.

मी काय करू शकलो असतो? यादी फुगवता आली असती. वायरिंग, गिअरबॉक्सचं केसिंग. तसं करणारे आहेत. पण घसारा कापूनही ७५ टक्क्यांच्या रेषेवर जायला सव्वा लाखाहून जास्त खोटं लिहावं लागलं असतं, आणि ते माझ्याने होत नाही. ते सोडा. मला एक सरळ वाक्य बोलता आलं असतं, "काका, आज दुरुस्तीच्या संमतीपत्रावर सही करू नका. कंपनीला लेखी तक्रार द्या, महिन्याभरात जमलं नाही तर भोपाळला विमा लोकपाल आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही." लोकपालांनी काय ठरवलं असतं सांगता येत नाही. पण विचारता तर आलं असतं.

मॅनेजर केबिनच्या काचेमागे उभे होते. मी पाण्याची बाटली काकांपुढे सरकवली. काकांनी सही केली.

गाडी २६ दिवसांनी तयार झाली. नवा लाँग मेंबर, स्पॉट वेल्ड कंपनीच्या अंतराने, सीलर माझ्या देखरेखीखाली. अलाइनमेंटचा कागद मी स्वतः काकांच्या हातात दिला. क्लेम पुरता मिटला असं लिहिलेल्या फुल अँड फायनलच्या व्हाउचरवर त्यांनी त्याच मास्तरी अक्षरात सही केली, खाली तारीख, आणि तारखेखाली रेघ.

जूनमध्ये काका आले, पाऊस तोंडावर होता. गाडी बघून मी खूश झालो. सगळ्या फटी सारख्या, बॉनेट एका बोटाने बसत होतं. त्यांनी ग्लव्ह बॉक्समधून पॉलिसीची पुस्तिका काढली. एका वाक्याखाली लाल शाईची रेघ होती, आणि 'अटींच्या अधीन' या शब्दांच्या बाजूला समासात प्रश्नचिन्ह, वही तपासताना काढतात तसं.

"हे वाक्य तू तेव्हा वाचलं होतंस का रे?"

"वाचलं होतं, काका."

त्यांनी पुस्तिका मिटली, परत ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली. मग वायपरकडे बघत म्हणाले, "याची रबरं गेलीत. किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, दहा मिनिटं.