अनाकिनला एकट्यालाच का शिव्या?

स्टार वॉर्समधला वाईट अभिनय असा विषय निघाला रे निघाला की लोक अनाकिनचं काम करणाऱ्या हेडन ख्रिस्टेनसेनचं नाव घेतात, लगेच तो वाळूचा डायलॉग म्हणून दाखवतात, वाळू खरखरीत असते, टोचते, कुठेही घुसते वगैरे, सगळे हसतात आणि विषय संपतो. मीम म्हणून भारी आहे, मान्य. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये तो २००५ चा तिसरा भाग वीस वर्षं झाली म्हणून परत थिएटरला लावला होता ना, तेव्हापासून मी हे सगळे भाग पुन्हा बघत बसलोय आणि माझं मत असं झालंय की ठोकळ्यांची यादी करायचीच असेल तर हेडन त्यात तिसरा-चौथा येईल. त्याच्या वरचे लोक मोठ्या नावाचे आहेत म्हणून सुटतात.

आधी एक क्लिअर करू. या सिनेमांमधले संवाद तोंडात बसत नाहीत आणि हे अगदी १९७७ पासून आहे. हॅरिसन फोर्डने तेव्हाच लेखक-दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकसला सांगितलं होतं की हे असलं टाइप करता येतं पण बोलता येत नाही (मूळ वाक्यात एक शिवीपण आहे). ॲलेक गिनेससारखा माणूस त्या संवादांना वैतागला होता, आणि गंमत म्हणजे या अख्ख्या सिरीजमध्ये अभिनयासाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेला तो एकटाच. ल्यूकसकडून नटांना मिळणारी सूचना म्हणजे 'अजून फास्ट, अजून जोरात', एवढंच, हे त्या सेटवरच्या लोकांनी नंतर इतक्या वेळा सांगितलंय की तो जोकच झालाय.

आणि पहिला सिनेमा नीट बघा हो, तिथे सगळे काय फार ग्रेट करतायत असं अजिबात नाहीये. मार्क हॅमिल सुरुवातीचा अर्धा तास नुसता कुरकुरतो. कॅरी फिशर तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, पीटर कुशिंगसमोर उभी राहिली की अचानक ब्रिटिश बोलायला लागते आणि दोन सीननंतर परत अमेरिकन. कोणाला खटकत नाही. का, तर सिनेमा पळतोय. त्या एडिटिंगला ऑस्कर मिळालं, मार्शिया ल्यूकस, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू या तिघांना, आणि ते अगदी योग्य होतं कारण कुठलाही नट उघडा पडायच्या आत कट येतो.

मग १९८० ला अर्विन कर्शनर आला दिग्दर्शनाला. हा ल्यूकसला फिल्म स्कूलमध्ये शिकवलेला माणूस, आणि याला नटांशी बोलायला आवडायचं. हान सोलोला (म्हणजे फोर्डला) गोठवायला नेतात, लेया (कॅरी फिशर) म्हणते माझं प्रेम आहे तुझ्यावर आणि तो म्हणतो माहितीये. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, तिथे दुसरंच काहीतरी लांबण होतं, ते फोर्डला पटेना म्हणून सेटवर घोळत घोळत त्याने आणि कर्शनरने हे काढलं. एका शब्दात त्या माणसाचा अख्खा स्वभाव आला. आता विचार करा, २००२ च्या भागाच्या सेटवर एखादा एकोणीस वर्षांचा पोरगा ल्यूकसला जाऊन म्हणाला असता का की साहेब ही वाळूची लाइन मला जमत नाहीये, आपण बदलूया? फोर्ड म्हणू शकला कारण तेव्हा ल्यूकस म्हणजे कोणी देव नव्हता.

१९९९ ला ल्यूकस परत दिग्दर्शक म्हणून उभा राहिला, आधीची गोष्ट सांगणाऱ्या भाग एक ते तीनसाठी (हेच ते प्रीक्वेल्स, खाली पहिला-दुसरा-तिसरा भाग म्हणजे हेच), तेव्हा मधे बावीस वर्षं गेली होती, एकही सिनेमा दिग्दर्शित न करता. पैसा स्वतःचा, कंपनी स्वतःची, अडवणारं कोणी नाही. २००२ चा भाग तर पूर्ण डिजिटल कॅमेऱ्यावर, इतक्या मोठ्या बजेटचा तसा शूट केलेला जवळपास पहिलाच, आणि त्यातले क्लोन सैनिक एकूण एक कॉम्प्युटरवर बनवलेले, चिलखत घातलेला खरा माणूस एकही नाही. सगळे म्हणतात की निळ्या पडद्यासमोर नट बिचारे काय करणार. मला हे कारण अर्धंच पटतं. कारण हॅमिलने १९८० ला एका रबरी बाहुल्याबरोबर काम केलंय, फ्रँक ओझ खाली जमिनीत लपून हात वर करून योडा हलवतोय, आणि त्यातला प्रत्येक सीन खरा वाटतो, हॅमिलचं आख्ख्या सिरीजमधलं बेस्ट काम तेच आहे. म्हणजे समोर काही नसलं किंवा चिंध्या-रबर असलं तरी नट करू शकतो, त्याला फक्त कळायला पाहिजे की आपण नक्की काय करतोय.

खरा घोळ माझ्या मते दोन ठिकाणी आहे. एक एडिटिंग टेबलवर. ल्यूकसला डिजिटलमुळे सवय लागली की एकाच फ्रेममध्ये दोन माणसं असतील तर डावीकडचा या टेकमधला घ्यायचा, उजवीकडचा त्या टेकमधला, आणि जोडायचे. कागदावर ऐकायला मस्त, प्रत्येकाचं बेस्ट घेतलं. पण बोलणं असं नसतं ना. समोरचा काय बोलला, कसा बोलला, कुठे थांबला यावर आपलं पुढचं वाक्य ठरतं, आणि इथे दोघं एकमेकांचं ऐकतच नाहीयेत कारण ते एकमेकांशी बोललेलेच नाहीयेत, निदान त्या क्षणी तरी नाही. त्या भागांमध्ये संवादांच्या मधे जे विचित्र पॉझ येतात, कोणीतरी आपली पाळी यायची वाट बघत उभं असल्यासारखे, ते बरेचसे यातून आले असावेत असा माझा अंदाज.

दुसरा घोळ जास्त इंटरेस्टिंग आहे. हे संवाद मुळात रोजच्या बोलण्यातले नाहीतच. ल्यूकस स्वतः म्हणतो की त्याला जुन्या तीस-चाळीसच्या दशकातल्या सिनेमांसारखा मेलोड्रामा हवा होता. बरं, ठीक. आपल्याकडे पौराणिक नाटकात काम करणारा नट 'हे आर्यपुत्रा' म्हणताना लाजत नाही, तो छाती काढून, खर्ज लावून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणतो आणि आपण ऐकतो, विचारत नाही की असं कोण बोलतं. तेच वाक्य जर त्याने आपण चहा पिताना बोलतो तसं पुटपुटलं तर लोक खुर्च्या फेकतील. प्रीक्वेल्समध्ये नेमकं हे झालंय. अर्धे नट पौराणिक नाटकात आहेत आणि अर्धे नट इंडिपेंडंट सिनेमात, आणि दोघांना एकाच सोफ्यावर बसवलंय.

जे नाटकात आहेत ते भाव खाऊन जातात. इयन मॅकडायर्मिड! हा माणूस १९८३ ला म्हातारा सम्राट झाला तेव्हा चाळिशीच्या आतला होता, मग बरीच वर्षं लंडनचं अल्मेडा थिएटर एका सहकाऱ्याबरोबर चालवलं आणि प्रीक्वेल्सपर्यंत त्याचं खरं वय भूमिकेला बरोबर आलं. तिसऱ्या भागातला ऑपेरातला सीन काढून बघा. दोन माणसं खुर्चीत बसलीत, बाकी काही नाही, तो एक गोष्ट सांगतोय, डार्थ प्लेगसची, आणि आवाज एवढा खाली आणलाय की आपण पुढे सरकून ऐकतो, आणि मग अर्ध्या तासाने तोच माणूस सत्ता सत्ता म्हणून असा किंचाळतो की शेजारचे दार वाजवतील. दोन्ही चालतं. संवाद लिहिणारा तोच, दिग्दर्शक तोच. ख्रिस्तोफर ली पण तसाच, ऐंशीच्या आसपासचा माणूस, वाक्य काहीही असो तो ते दगडावर कोरल्यासारखं म्हणतो. आणि १९७७ ला कुशिंग, ज्याला बूट चावत होते म्हणून घरातल्या सपाता घालून डेथ स्टारवर फिरत होता आणि कॅमेरा गुडघ्याच्या वर ठेवायला सांगत होता, तरी जरब बघा.

आता हेडन. याला २००१ च्या एका सिनेमासाठी गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन होतं, म्हणजे रस्त्यावरून उचललेला नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही भागांसाठी त्याला वाईट अभिनयाचा रॅझी, म्हणजे तो थट्टेचा पुरस्कार, मिळाला. आणि या दोघांच्या मधे, २००३ ला, त्याने 'शॅटर्ड ग्लास' केला ज्यात तो खोट्या बातम्या रचणारा पत्रकार आहे, स्टीफन ग्लास, खरा झालेला किस्सा. यात तो काय करतो माहितीये? अनाकिनच करतो! तोच किरकिरा सूर, तेच माझ्यावर रागावलात का, तीच मान खाली घालून वर बघायची सवय, पण इथे ते अंगावर काटा आणतं कारण आजूबाजूचे लोक त्याच्यावर नॉर्मल माणसांसारखे रिॲक्ट होतात. स्टार वॉर्समध्ये तो हे सगळं करतो आणि समोरची पोरगी म्हणते चल लग्न करू.

आणि जिथे त्याला बोलायला दिलेलं नाही तिथे बघा. तिसऱ्या भागात एक सीन आहे, तो जेडाय (तलवारबाज साधू) कौन्सिलच्या खोलीत एकटा, त्याची बायको पद्मे (नताली पोर्टमन) तिच्या घरात, संध्याकाळ, दोघंही खिडकीतून त्या अवाढव्य शहरात एकमेकांच्या दिशेने बघतायत, एक शब्द नाही, त्याच्या डोळ्यात पाणी. मी तर म्हणतो सहाही भागांमधला टॉप पाचातला सीन आहे तो. त्या दोघांची लव्हस्टोरी मला फक्त याच सीनमध्ये पटली, जिथे ते एकमेकांच्या समोर नाहीत. दुसऱ्या भागात आई मेल्यावर तो टस्कन लोकांची अख्खी वस्ती कापून येतो आणि पद्मेला सांगतो, त्यातपण पहिला अर्धा भाग चांगला आहे, नंतर ओरडण्यात सुटतो. म्हणजे असमान आहे, चांगला नट असता तर सांभाळलं असतं हेही खरं, मी काही त्याला श्रीराम लागू म्हणत नाहीये. लागू त्या निळ्या खोलीत दोन दिवसात वैतागले असते म्हणा.

माझी खरी तक्रार नताली पोर्टमनबद्दल आहे. लहानपणी 'लिओन'मध्ये जिने थक्क केलं, पुढे २०११ ला जिला ऑस्कर मिळालं, ती इथे तीन सिनेमे नुसती वाचून दाखवते. पहिल्या भागात राणी म्हणून सपाट आवाज आहे तो मुद्दाम, ते समजू शकतो, रंग फासलेला, राजेशाही वगैरे. पण दासीच्या वेशात आल्यावर पण तोच? तळ्याकाठचा तो व्हिला, कोमो सरोवरावरची खरी जागा, म्हणजे निळा पडदापण नाही कारण सांगायला, आणि तिच्या चेहऱ्यावर बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखं काहीतरी. हेडन निदान चुकतो, जोर लावून चुकतो. ही काही करतच नाही. तिनेच नंतर मुलाखतीत सांगितलंय की या सिनेमांनंतर तिला कोणी घ्यायला तयार नव्हतं, सगळ्यांना वाटायला लागलं हिला येत नाही, आणि माइक निकल्सने दुसऱ्या दिग्दर्शकाला पत्र लिहून हिची हमी घेतली. पण लोक तिला विसरतात आणि हेडनला धरतात, कारण तिने पुढे सिद्ध केलं आणि याला तेवढे चान्स मिळाले नाहीत.

पण यादीत नंबर एक सॅम्युएल एल. जॅक्सन, आणि यावर मी भांडायला तयार आहे. या माणसाने सरळ पाट्या टाकल्यात. ज्याचं बोलणं म्हणजे संगीत असतं, जो फोन नंबर वाचला तरी ऐकावासा वाटेल, त्याला शांत संयमी साधू करायचा हा निर्णय ल्यूकसचा असेल, पण शांत आणि झोपलेला यात फरक असतो की नाही? गिनेस शांत होता. लियम नीसनपण पहिल्या भागात शांतच आहे आणि थोडा कंटाळलेला, तरी त्या पोराशी बोलताना त्याच्यात माया दिसते. जॅक्सनचा मेस विंडू तीन सिनेमे मख्ख चेहऱ्याने खुर्चीत बसून चिंता व्यक्त करतो. जांभळी तलवार मात्र स्वतः मागून घेतली.

तरुण ओबी-वान, म्हणजे गिनेसचीच भूमिका करणाऱ्या इवन मॅकग्रेगरला सोडतो मी, पहिल्या भागात तोही ठोकळाच होता पण त्याने गिनेसचा सूर पकडला आणि तिसऱ्या भागापर्यंत नाटकवाल्यांच्या बाजूला आला, लाव्हाच्या काठावर उभा राहून ओरडतो तेव्हा पोटात तुटतं. छोटा अनाकिन झालेला जेक लॉइड शूटिंगच्या वेळी आठ वर्षांचा होता, त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचवत नाही. जार जार करणाऱ्या अहमद बेस्टचं पण तेच. जार जार मला आजही सहन होत नाही, पण तो लिहिलाच तसा होता, अंगाने केलेलं काम म्हणून बघितलं तर त्या माणसाने जीव तोडून केलंय, आणि लोकांनी त्याचं असं काही केलं की तो जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला होता, हे त्याने स्वतःच २०१८ मध्ये सांगितलं. २०२३ ला त्याला 'मँडलोरियन' या स्टार वॉर्सच्या मालिकेत जेडाय म्हणून बघितलं तेव्हा बरं वाटलं.

नवीन तीन भागांमध्ये अभिनय खराब आहे असं कोणी म्हणत नाही, ॲडम ड्रायव्हर तर कमाल आहे, अनाकिनचा तोच किरकिरा राग पण कळून-सवरून केलेला. तिथे उलटं झालंय, नट चांगले आणि त्यांना करायला काही नाही. २०१९ च्या भागात ऑस्कर आयझॅकच्या वाट्याला ती लाइन आली, पॅल्पटीन, म्हणजे मॅकडायर्मिडचा तो सम्राट, कसाबसा परत आलाय म्हणे. एवढा ताकदीचा नट, आणि त्याने ते वाक्य अशा थकलेल्या तोंडाने म्हटलंय की तो त्याच्या पात्राचा, पो डॅमरॉनचा वैताग आहे की आयझॅकचा ते कळत नाही. मला विचाराल तर तोच अभिनय बरोबर आहे, ते वाक्य दुसऱ्या कुठल्या पद्धतीने म्हणता येतं ते दाखवा मला कोणीतरी.