ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये संगीत ऐकताना

ऐतिहासिक कॅथेड्रल केवळ देखणे आहे म्हणून तिथे मैफल भरवू नये; त्या वास्तूत कोणते संगीत खुलेल, याचा विचार आधी व्हायला हवा. इंग्लंडमधील ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये संगीत ऐकून माझे हे मत पक्के झाले.

या दगडी वास्तूचे बांधकाम १०८९ मध्ये सुरू झाले. मुख्य दालनातले गोल खांब इतके जाडजूड आहेत की, त्यांच्यामागे बसलेल्या श्रोत्याला वादक दिसतच नाहीत. सूर मात्र पोहोचतो आणि वादकाने सोडल्यावरही उंच छताखाली काही क्षण घुमत राहतो. त्यामुळे विलंबित आलापी इथे फुलेल, पण द्रुत तानांचे स्वर एकमेकांत मिसळून जातील.

हे मर्म संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी अचूक ओळखले होते. ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वूस्टर या तीन शहरांच्या कॅथेड्रलमध्ये आळीपाळीने भरणाऱ्या ‘थ्री क्वायर्स’ महोत्सवात, ६ सप्टेंबर १९१० रोजी, त्यांनी सोळाव्या शतकातील इंग्रज संगीतकार टॉमस टॅलिस यांच्या १५६७ मधील एका स्तोत्राच्या चालीवर बांधलेली नवी रचना याच वास्तूत स्वतः संचालन करून सादर केली. त्यात वाद्ये फक्त तंतुवाद्येच. पण त्यांचा एक मोठा वृंद, त्याच्यापासून शक्यतो दूर बसवायचा नऊ वादकांचा दुसरा वृंद आणि शिवाय चौघांचा स्वतंत्र गट, अशी मांडणी आहे. मोठा वृंद भरघोस स्वरसमूह वाजवून थांबतो आणि लहान वृंद दुरून हलकेच उत्तर देतो, तेव्हा वादकांचा सूर कुठे संपला आणि वास्तूचा कुठे सुरू झाला, हे कानाला उमगत नाही. त्या संध्याकाळी श्रोत्यांत असलेले हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी हे दोन तरुण इतके भारावले की, रात्री शहराच्या रस्त्यांवर भटकत राहिले. पुढे दोघेही संगीतकार म्हणून नावारूपाला आले.

अशा वास्तूंत ध्वनिवर्धक लावून होणाऱ्या कार्यक्रमांना माझा सरसकट विरोध नाही, कारण जुन्या दगडांच्या देखभालीला पैसा लागतोच. मात्र दगड आवाज फारसा शोषून घेत नाही. आवाज वाढवला की घुमाराही तितकाच वाढतो आणि गीताचे शब्द हरवतात. म्हणून आयोजकांनी मोजकी वाद्ये, संथ लयीच्या रचना आणि बेताचा आवाज ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.